पस्तीस मिनिटं पुढे

मला राग लवकर येतो, आणि आला की मुक्कामच ठोकतो. त्यामुळे ही गोष्ट मी शांतपणे सांगेन अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

आमच्या धक्क्यावर होड्या बांधायला चौदा खांब आहेत. पहिल्या खांबाशी भर ओहोटीतही दोन पुरुष पाणी असतं, तिथली होडी हवी तेव्हा सुटते. चौदाव्याशी ओहोटी लागली की होडी चिखलात बसते आणि चार-चार तास बसूनच राहते. मासेमारीत सगळा खेळ वेळेचा. पाणी वळतं तेव्हा तुम्ही डोहावर असलात तर मासा तुमचा, नसलात तर घरी बसून भाजी चिरा. अकरा वर्षं पहिला खांब माझ्या बाबांकडे होता. दीड वर्षापूर्वी बाबा गेले. मग पहिल्या खांबाला माझ्या चुलतभावाची होडी आली आणि चौदाव्याला माझी.

पहिला खांब वारशाने मिळत नाही, जिंकावा लागतो. वर्षातून एकदा धक्क्याची शर्यत होते. प्रत्येक होडीत दोन माणसं, दोन गळ आणि एक तास. तो तास कुठला, हे आदल्या संध्याकाळी सहाच्या आत चिठ्ठीवर लिहून धक्क्याच्या कारकुनाला द्यायचं. आपला तास लागायच्या आधी गळ पाण्याला लावायचा नाही, संपल्यावर ठेवायचा नाही. ज्याचं वजन जास्त, त्याचा पहिला खांब. नियम एवढेच, पण तो एक तास निवडण्यात धक्क्यावरच्या लोकांची आयुष्यं गेली.

बाबांनी ती निवड शिकायला बावीस वर्षं घातली. बंदर कचेरी भरतीचं छापील कोष्टक काढते, पण ते बंदराचं. आमचा डोह खाडीच्या आत, वळणावर. तिथे पाणी उशिरा वळतं, आणि किती उशिरा ते चंद्र आणि वारा ठरवतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी झटक्यात वळतं आणि पाऊण तासात अशी ओढ धरतं की गळ तळाला टिकत नाही. मासा खाणार तो त्या पाऊण तासातच. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. पाणी सुस्त, मासाही सुस्त, दोन-दोन तास सावकाश खात बसतो. डोहाच्या मध्यावर एक बांबू रोवलेला आहे, त्याला दोरीचा तुकडा बांधलेला. भरतीत दोरीचं टोक गावाकडे, ओहोटीत समुद्राकडे. ते टोक फिरलं की पाणी वळलं. बाबा घरच्या खिडकीत बसून त्या टोकाकडे बघायचे आणि वहीत लिहायचे: तिथी, वारा, हवेच्या दाबाचा काटा, पाणी वळल्याची वेळ, मासे किती.

बाबा गेल्यावर चौथ्या दिवशी दादा आला. दादा म्हणजे तोच चुलतभाऊ, माझ्या मोठ्या काकांचा मुलगा. बराच वेळ डोळे पुसले. मग म्हणाला, "काकांची वही जरा बघायला नेतो गं. आठवण म्हणून." मला त्या दिवसांत काही सुचत नव्हतं. मी कपाटाकडे बोट दाखवलं. आठवण म्हणे!

महिन्याभरात त्याने धक्क्यावर फळा लावला: "आजची माशांची वेळ." हौशी गळवाल्यांना होडीतून फिरवायला लागला. लोक त्याला भरतीपंडित म्हणू लागले. आयत्या बिळावर नागोबा असतो हे ऐकलं होतं, तो फळ्यावर सहीसुद्धा करतो हे नव्यानेच कळलं. तेवढ्यावर मी गप्प बसलेही असते. पण एकदा मी जाळ्याचा फाटका पट्टा शिवत कट्ट्याच्या मागे बसले होते, आणि पुढून त्याचा आवाज आला.

"काकांचं काय हो, शेवटची दोन-तीन वर्षं डोकं चालत नव्हतं त्यांचं. गणितं सगळी मीच करायचो. नाव तेवढं त्यांचं."

माझ्या हातातली सुई बोटात गेली. बाबांचं अंग थकलं होतं, डोकं नाही. शेवटच्या आठवड्यातही त्यांनी मला उशीवरून विचारलं होतं, "काटा वर की खाली?" त्या माणसाला हा वेडा ठरवत होता, तेही त्यांच्याच वहीवर पोट भरून. त्या दिवशी मी ठरवलं की याला धक्क्यावर, सगळ्यांसमोर, तोंडघशी पाडायचं. वही परत मागायची नाही. भांडायचं नाही. पाडायचं.

गेल्या वर्षीच्या शर्यतीत मी उतरलेच नाही. ती नेमकी अष्टमीला आली, मासा दोन तास खात होता, कुठलाही तास चालला असता. दादा जिंकला आणि माझी होडी चौदाव्या खांबाला गेली.

मग एका सकाळी, उधाणाचे दिवस होते, मी सहज त्याचा फळा वाचला. माशांची वेळ: दहा वाजून पंचवीस. मी मनगटावरचं घड्याळ बघितलं. दहाला दहा कमी होते, आणि समोर डोहातल्या दोरीचं टोक फिरत होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं. तिसऱ्या दिवशीही. दर वेळी त्याची वेळ पस्तीस मिनिटं उशिरा. मी घरी गेले, दार लावलं आणि पोट धरून हसले. नक्कल करायलाही अक्कल लागते.

आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ पस्तीस मिनिटं पुढे आहे. ते आईने पुढे केलं होतं: वीस मिनिटं माझ्यासाठी, कारण मी शाळेला रोज उशीर करायची, आणि पंधरा बाबांसाठी, कारण ते खिडकीतून उठायचे नाहीत. आई गेली तरी बाबांनी काट्याला हात लावला नाही. मनगटावर घड्याळ त्यांना टोचायचं, म्हणून वहीतल्या सगळ्या वेळा भिंतीवर बघून लिहिलेल्या. वापरताना ते मनातल्या मनात पस्तीस वजा करायचे. मीही करायची. घरातल्यांना ते इतकं अंगवळणी पडलेलं की कोणी बोलूनसुद्धा दाखवत नसे. पाहुण्यांना ते माहीत नव्हतं. पाहुणे घड्याळ बघून "अरे बाप रे, उशीर झाला" म्हणत उठायचे, आणि आई मला डोळा मारायची. दादाही लहानपणी आमच्याकडे खेळायला आला की तसाच धावत घरी जायचा. लवकर पोहोचायचा आणि शहाणा मुलगा म्हणून कौतुक करून घ्यायचा.

म्हणजे छापील भरतीनंतर पन्नास मिनिटांनी डोहाचं पाणी वळतं, आणि वही वाचून दादाने ठरवलं होतं एक तास पंचवीस मिनिटं. दिवसभर होडी फिरवणाऱ्याला, दोरीकडे कधी मान वळवून न बघणाऱ्याला ते कळणार कसं? त्याला शेपटाकडचे मासे मिळत होते, आणि तो त्यालाच अख्खा मासा समजत होता.

मी आठ महिने तोंडाला कुलूप लावलं. सोपं नव्हतं. रोज चिखलातून गुडघाभर चालत होडीपर्यंत जायचं, आणि पहिल्या खांबावरून तो ओरडायचा, "काय गं, आज पण अडकलीस?" मी हसायची. त्या हसण्याचं मी मनात नीट जतन केलं.

या वर्षी शर्यत आली पौर्णिमेनंतर दुसऱ्या दिवशी. भर उधाण. कोष्टकात भरती सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. माझ्या हिशोबाने पाणी वळणार आठला, दादाच्या हिशोबाने आठ-पस्तीसला. मासा खाणार आठ ते पावणेनऊ. म्हणजे त्याच्या वाट्याला दहा मिनिटं. इतकं सरळ होतं.

आणि आदल्या दुपारी समुद्रावरून वारा सुटला.

समुद्रावरचा वारा जोरात असला की खाडीतलं पाणी कोंडून धरतो. पाणी वळायला अर्धा तास जास्त लागतो. दादा वारा कधी धरतच नसे, फळ्यावर रोज तेच एक तास पंचवीस मिनिटं मिळवायचा. तसं झालं तर पाणी साडेआठला वळणार, आणि त्या चोराची चूक जशीच्या तशी बरोबर ठरणार! मी खिडकीत उभी राहून वाऱ्याला शिव्या घातल्या. पाचच्या सुमारास मावशी माझ्यामागे येऊन उभी राहिली. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, सत्तरीची. आई गेल्यापासून आमच्याकडेच असते आणि शर्यतीत माझ्या होडीत तीच बसणार होती.

"आठ-वीस लिही," ती म्हणाली. "वारा राहिला तरी तू जिंकतेस, पडला तरी तूच जिंकतेस. मधला रस्ता धर."

मावशीचं खरं होतं. आठ-वीस हाच शहाणा तास होता. पण मला नुसतं जिंकायचं नव्हतं. आमच्या शर्यतीत सगळ्या होड्या आधीच डोहावर येऊन थांबतात. मी आठ लिहिलं आणि पाणी आठला वळलं, तर दादाला पस्तीस मिनिटं हातात कोरडा गळ धरून मला मासे ओढताना बघत बसावं लागणार होतं. ती पस्तीस मिनिटं मला हवी होती. पूर्ण. त्यातलं एक मिनिट कमी नको होतं.

"आठच लिहिणार," मी म्हटलं.

"आणि वारा पडला नाही तर?"

"तर पुढचं वर्षभर चिखल तुडवीन."

"तू एकटी नाही तुडवत. मीही तुडवते," मावशी म्हणाली. "माझे गुडघे विचारून घे एकदा."

ते मला लागलं. मी बाबांच्या दाबाच्या यंत्रापाशी गेले. ते गोल, पितळी, खिडकीशेजारी टांगलेलं आहे. काचेवर टिचकी मारली. दुपारभर काटा खाली चिकटून होता, आता केसभर वर सरकला. दहा मिनिटांनी पुन्हा टिचकी मारली. पुन्हा केसभर. बाबा म्हणायचे, काटा दिवेलागणीआधी चढायला लागला तर वारा सकाळचा चहा घ्यायला थांबत नाही. पण ते "बहुतेक" हा शब्दही जोडायचे, आणि तो मला त्या वेळी मुळीच आवडला नाही.

धक्क्याच्या कचेरीत दादा आधीच हजर होता. कारकुनाच्या टेबलावर चिठ्ठी ठेवून बाहेर वळला, मला बघून म्हणाला, "कोष्टकावर जाऊ नकोस. माझं ऐक, उशिराचा तास घे. काकांची पोर आहेस, लाज जायला नको."

"हो रे दादा," मी म्हटलं, आणि चिठ्ठीवर आठ लिहून दिलं.

कारकुनाच्या मागे भिंतीवर बंदर कचेरीची नवी नोटीस होती. पुढच्या महिन्यापासून खाडीच्या तोंडाचा गाळ उपसणार, तोंड दुपटीने रुंद करणार. दादाने ती वाचली आणि म्हणाला, "बरं झालं, मोठ्या होड्या येतील." मीही वाचली, दोनदा.

सकाळी पावणेआठला आम्ही डोहावर पोहोचलो. नऊ होड्या होत्या. दादाची आमच्यापासून वीस हातांवर, नवीन रंग दिलेली. वारा कमी झाला होता, पण पडला नव्हता. दोरीचं टोक अजून गावाकडे ताठ.

आठ वाजले. कारकुनाने धक्क्यावरून माझ्या नावाने घंटा वाजवली. मी आणि मावशीने कोळंबी लावलेले गळ सोडले. काही नाही. आठ-पाच. काही नाही. पाणी आत येतच होतं.

"दोरी काय म्हणते?" मावशीने विचारलं.

"गप्प आहे."

"पोरी, माझे गुडघे," मावशी पुटपुटली.

दादा पलीकडून हसला. "काकांच्या शेवटच्या दिवसांतलं गणित दिसतंय!" दोन-तीन होड्यांतून हसू आलं. मला तो माणूस त्या क्षणी पाण्यात हवा होता, होडीसकट. मी हट्टापायी एका म्हातारीचे गुडघे पणाला लावले होते, हे मला तेव्हा कळलं.

आठ-बाराला मावशीच्या कपाळावरची बट हलायची थांबली. वारा पडला. पाणी क्षणभर गप्प झालं, दोरीचं टोक सैल होऊन बांबूशी लोंबलं आणि मग हळूच समुद्राकडे वळलं. माझ्या बोटातली गळाची दोरी अशी खेचली गेली की सालटं निघालं.

पहिला जिताडा साडेतीन किलोचा. तो होडीत आपटतोय तोवर मावशीचा गळ ताणला गेला. मग मोजायला वेळच मिळाला नाही. गळ टाकला की मासा, काढला की पुन्हा कोळंबी, टाकला की मासा. मावशी सत्तर वर्षांची म्हणून कोणी सांगितलं असतं तर मी भांडले असते. आणि दर माशागणिक मी दादाकडे बघत होते. मुद्दाम. तो गळ हातात घेऊन बसला होता. आधी हसत, मग घड्याळ बघत, मग उभा राहून. आठ-वीसला तो कारकुनाकडे ओरडला, "माझा तास आधी लावा!" कारकून म्हणाला, "चिठ्ठी तुमच्याच हातची आहे, पंडित." बाकीच्या होड्यांत आता वेगळ्या कारणाने हसू आलं. मला पस्तीस मिनिटं हवी होती, तेवीस मिळाली. त्या तेवीस मिनिटांची चव अजून माझ्या जिभेवर आहे, आणि मला त्याची बिलकूल लाज वाटत नाही.

आठ-पस्तीसला त्याने गळ टाकला. तीन मासे मिळाले. नऊला तीन मिनिटं कमी असताना ओढ लागली आणि डोह रिकामा झाला. उरलेला तास तो रिकाम्या पाण्यात गळ धरून बसला. वजनकाट्यावर आमचे सतरा मासे, त्याचे तीन. कारकुनाने वजनं मोठ्यांदा वाचून दाखवली: सगळ्यांत जास्त आमचं, पहिला खांब माझा. म्हातारे कोळी माझ्याकडे न बघता म्हणाले, "बापावर गेली पोर." मला रडू आलं, ते मी मासे मोजायच्या निमित्ताने वाकून लपवलं.

दुपारी दादा घरी आला. बसला नाही. वही टेबलावर आपटली. तिला आता चकचकीत निळं कव्हर होतं, आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत त्याचं नाव.

"ही वही चुकीची आहे. काकांनी मुद्दाम चुकीची लिहिली. नाहीतर डोकं गेलं होतं त्यांचं."

"कव्हर कधी घातलंस?"

"पहिल्याच दिवशी. का?"

"काकांचं नाव दिसू नये म्हणून?"

मी वही घेतली. मला फक्त त्याचं नाव फाडायचं होतं. निळा कागद आतल्या बाजूला डिंकाने पक्का चिकटवला होता. मी नखाने उचकटून खेचला. खाली बाबांचा जुना करडा पुठ्ठा निघाला आणि त्यावर बाबांचं अक्षर. मी ते आधी कधी बघितलं नव्हतं. शेवटच्या महिन्यातलं असणार, ओळी उतरत गेलेल्या, पण एक काना-मात्रा चुकलेली नव्हती. मी वाचलं. मग वही त्याच्यासमोर धरली.

"वाच. मोठ्याने वाच."

तो वाचू लागला. "यातल्या सगळ्या वेळा घरच्या घड्याळाच्या आहेत. पस्तीस मिनिटं वजा करावीत. माझ्यामागे ही वही पोरीने आणि पुतण्याने मिळून वापरावी. भांडू नये."

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग मनगटाकडे, मग पुन्हा भिंतीकडे. चोरायची गरजच नव्हती. ती वही अर्धी त्याचीच होती. स्वतःचं नाव लावायच्या घाईत त्याने नेमकी तीच ओळ डिंकाने बुजवली होती. मी त्याला जेवढं पाडलं त्याच्या दसपट बाबांनी पाडलं, तेही प्रेमाने.

मला बाबांचाही राग आला. मिळून! मला एका शब्दाने विचारलं नाही. आयुष्यभर मी त्यांच्या खिडकीशी बसले, आणि वहीत हा माझ्या बरोबरीने.

दादा खुर्चीत बसला. मग तोंड पुसून म्हणाला, "काकांची इच्छा आहे म्हटल्यावर... आता भांडायचं नाही. मिळून वापरू."

बघा. काकांचं डोकं गेलं होतं म्हणून अजून पाच मिनिटं झाली नव्हती.

"घेऊन जा," मी म्हटलं. "अर्धी कशाला, सगळीच ने. पस्तीस वजा करायला विसरू नकोस."

त्याचा विश्वास बसेना. "आणि तुला?"

"मला पाठ आहे."

तो वही छातीशी धरून गेला. मावशी आतून आली. तिने सगळं ऐकलं होतं. "देऊन टाकलीस? बापाची वही?"

"पुढच्या महिन्यात खाडीचं तोंड रुंद होणार, मावशी. मग पाणी केव्हा वळेल ते त्या वहीला ठाऊक नाही. कोणालाच ठाऊक नाही. नव्याने बघायचं, नव्याने लिहायचं. बाबांनी भांडू नका म्हटलं होतं, मी भांडले का?"

मावशीने माझ्याकडे असं बघितलं की माझी मीच थोडी घाबरले. बाबांचं मन मोठं होतं, सगळ्यांना पुरेल एवढं. माझं तेवढं नाही. मी ते लपवत नाही.

गाळ उपसून झाला त्या दिवशी मी नवी वही आणली, करड्या पुठ्ठ्याची. स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाची काच उघडली आणि काटा आणखी पुढे सरकवला. किती, ते मावशीलाही सांगितलं नाही. तेव्हापासून ती रोज मला विचारते की खरे किती वाजले, आणि मी रोज सांगते. पुठ्ठ्यावर मात्र, किती वजा करायचं याचं, मी एक अक्षरही लिहिलेलं नाही, आणि लिहिणारही नाही.